स्थिर सुरात जीव कसा येतो: सॉफ्टवेअर सिंथमधला एलएफओ

खानदेशात लॅपटॉपवर गाणी बसवणारी पोरं आता गावोगावी भेटतात. अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री, कुठेही जा. घरातलीच एक खोली, खिडकीला गोधडी लावलेली, एक माइक, एक छोटा मिडी कीबोर्ड, आणि तिथून अहिराणी गाणं थेट यूट्यूबवर. यातली बरीच मंडळी आपली फाइल ऐकवायला आणतात तेव्हा तक्रार एकच असते. ढोलकी बसलीय, गळा चांगला लागलाय, पण मागे धरलेला सिंथचा, म्हणजे संगणकातच आवाज घडवणाऱ्या वाद्याचा, सूर काही केल्या गाण्यात मिसळत नाही. "दादा, हाऊ आवाज मरेल वाटस."

मग प्रीसेट बदलले जातात, नवा प्लगइन शोधला जातो, रिव्हर्ब वाढवला जातो. इलाज मात्र बहुतेक वेळा त्याच सिंथच्या एका कोपऱ्यात असतो, जिथे 'एलएफओ' अशी पाटी असते आणि खाली एक लाटेसारखी रेघ. तो कोपरा दिसतो सगळ्यांना, पण त्यात हात घालायला पोरं बिचकतात. किंवा घालतात तेव्हा वेगाचा नॉब आधी फिरवतात, आवाज लडबडायला लागतो, आणि घाबरून सगळं बंद करतात. माझं सांगणं एवढंच आहे की एलएफओ वेगापासून सुरू करायचा नसतो. आधी ठरवायचं काय हलवायचं, मग ठरवायचं किती हलवायचं, आणि वेग शेवटी. हा क्रम सांभाळला तर निम्मं काम तिथेच होतं.

आधी आवाज 'मरतो' का, ते पाहू. सिंथमधला ऑसिलेटर ४४० हर्ट्झचा सूर धरतो तेव्हा तो एकच लाट सेकंदाला ४४० वेळा काढतो, आणि पहिली लाट आणि चारशे चाळिसावी लाट यांत केसाचाही फरक नसतो. खऱ्या वाद्यात असं कधी होत नाही. पावरी वाजवणाऱ्याचा श्वास कमीजास्त होतो. पेटीचा भाता दाबताना हवेचा दाब थोडा वरखाली होतोच. गाणारी बाई सूर धरून उभी राहिली तरी तो सूर बारीक हालतो. आपला कान बदल टिपण्यासाठी बनलेला आहे. जे बदलत नाही त्याच्याकडे तो काही क्षणांत लक्ष देणं सोडतो, जसा पंख्याचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो. सिंथच्या स्थिर सुराचं नेमकं तेच होतं.

एलएफओ म्हणजे लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर. तोही ऑसिलेटरच, फक्त इतका सावकाश की त्याचा स्वतःचा सूर ऐकू येत नाही. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. एलएफओ बहुतेक वेळा २० हर्ट्झच्या खालीच चालतो, कधी कधी तर एका फेऱ्याला अर्धा मिनिट लावतो. त्याला स्पीकरकडे पाठवायचं नसतं. त्याला सिंथच्या एखाद्या नॉबवर बसवायचं असतं, म्हणजे तो नॉब आपण हात न लावता आपोआप, ठरलेल्या चालीनं वरखाली होत राहतो. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. एक संकेत दुसऱ्याला हलवतो, एवढाच त्याचा अर्थ.

आखाजीला आपल्याकडे झाडाला झोका बांधतात, तो डोळ्यांसमोर आणा. दोर चारेक मीटरचा असेल तर झोक्याची एक पूर्ण फेरी, म्हणजे पुढे जाऊन मागे येऊन परत त्याच जागी, साधारण चार सेकंदांत होते. हिशेबानं हे ०.२५ हर्ट्झ. आता कुणी जोरात रेटा दिला तर झोका लांबवर जातो, पण फेरीचा वेळ जवळजवळ तोच राहतो. वेळ ठरतो दोराच्या लांबीवर. एलएफओचे दोन मुख्य नॉब असेच एकमेकांपासून सुटे आहेत: 'रेट' म्हणजे फेरा किती वेळात, आणि 'डेप्थ' (खोली) किंवा 'अमाउंट' म्हणजे किती लांबवर. तिसरी गोष्ट पोरं विसरतात ती म्हणजे झोका स्थिर लोंबतो ती मधली जागा. सिंथमध्ये ती जागा म्हणजे ज्या नॉबला आपण हलवतोय त्याची मूळ स्थिती. नॉब कुठे ठेवलाय यावर एलएफओचा अर्धा परिणाम ठरतो. फिल्टरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

फिल्टर: सगळ्यात जास्त उपयोगाची जागा

लो-पास फिल्टर आवाजातला वरचा, चकचकीत भाग कापतो. कुठून कापायचं ते 'कटऑफ' ठरवतो. कटऑफ खाली आणला की सूर बंद दाराआडून आल्यासारखा दबतो, वर नेला की उघडतो. एलएफओ कटऑफवर बसवला की सूर हळूहळू उघडतो आणि मिटतो. मागे धरलेल्या लांब सुरांना, म्हणजे पॅडला, जीव आणायचा सगळ्यात खात्रीचा रस्ता हाच.

व्हायटल हा सिंथ फुकट मिळतो, २०२० मध्ये आला, आणि त्यात हे सगळं डोळ्यांनी दिसतं, म्हणून शिकायला तोच घ्या. कोरा प्रीसेट उघडा, सॉ (करवतीच्या दातासारखी) लाट ठेवा, ऑसिलेटर फिल्टरमधून जातोय ना ते बघा आणि फिल्टर चालू करा. कटऑफ असा ठेवा की सूर थोडा दबका वाटेल, पण घुसमटलेला नाही. आता एलएफओ १ ची खूण माउसनं पकडून थेट कटऑफवर ओढत न्या आणि सोडा. जोडणी झाली. कटऑफवर एक खूण मागेपुढे सरकताना दिसेल. तिथे उमटलेल्या छोट्या नॉबनं 'किती' ते ठरवायचं. तो आधी शून्यावर आणा, मग कीबोर्डवर एक लांब सूर धरून सावकाश वाढवा. हालचाल नुकती जाणवायला लागली की थांबा, आणि तिथून किंचित मागे या. पॅडसाठी बहुतेक वेळा तीच योग्य जागा असते. गळा आणि ढोलकी वर आल्यावर ती हालचाल म्हणून ऐकू येणार नाही, पण एलएफओ बंद करून पाहिलंत तर गाणं पातळ झाल्याचं लगेच कळेल.

इथेच मधल्या जागेची अडचण येते. समजा कटऑफ तुम्ही अगदी वरच्या टोकाला ठेवलात आणि एलएफओ दोन्ही बाजूंना हलवतोय. वर जायला जागाच नाही. मग अर्धा फेरा कटऑफ टोकाला चिकटून राहतो, उरलेल्या अर्ध्यात खाली येऊन परत जातो. ऐकताना सूर बराच वेळ सपाट, मग एकदम बुडून वर, असा तुटक वाटतो. पोरं म्हणतात एलएफओ नीट चालत नाही. तो नीटच चालतोय, त्याला हलायला जागा दिलेली नाही. कटऑफ मध्याकडे आणा.

हाच जोड वेगात चालवला आणि खोली वाढवली की बेसचा तो 'वॉब वॉब' आवाज येतो, जो डबस्टेपनं जगभर नेला. डीजेवरच्या गाण्यांत तो सर्रास ऐकू येतो. त्यात गंमत एकाच वेगानं चालवण्यात नसते. एका बारमध्ये आठव्या भागाचा वेग, पुढच्या अर्ध्या बारमध्ये ट्रिपलेट, मग एकदम सावकाश, असा वेगच बदलत नेला की बेस बोलल्यासारखा वाटतो. रेटचा नॉब ऑटोमेशननं, म्हणजे गाण्यातच त्याची चाल आधी आखून ठेवून, हलवा, काम होतं.

लाटेचा आकार

एलएफओची रेघ कशी आहे त्यावर चाल ठरते. साइन गोलसर, दोन्ही टोकांना थोडी रेंगाळणारी, पॅडसाठी उत्तम. ट्रँगल सरळ वर, सरळ खाली. ऐकायला साइनच्या जवळच, फक्त टोकाला वळण जरा टोकदार. सॉ हळूहळू चढते आणि एकदम पडते, किंवा उलटी. ती व्हॉल्यूमवर बसवली, म्हणजे ठोक्याला आवाज खाली आणि पुढच्या ठोक्यापर्यंत चढत वर, की पॅड ठेक्याबरोबर श्वास घेतं. किक ड्रमला वाट करून देण्यासाठी हे फार कामाचं. स्क्वेअरला मधलं काही नसतं, एक तर वर नाहीतर खाली. ती सुराच्या उंचीवर लावली तर दोन सुरांत उड्या मारते, व्हॉल्यूमवर लावली तर आवाज तुकड्या-तुकड्यांत येतो. आवाज एका क्षणात शून्यावर आणला की टिक असा बारीक खटका ऐकू येतो, म्हणून बऱ्याच सिंथमध्ये 'स्मूथ' नावाचा नॉब दिलेला असतो. तो थोडा वाढवला की कोपरे घासले जातात आणि खटका जातो.

सॅम्पल अँड होल्ड ही वेगळीच जात. दर फेऱ्याला एक नवी, न ठरलेली किंमत उचलायची आणि पुढचा फेरा येईपर्यंत तीच धरून ठेवायची. फिल्टरवर लावला तर जुन्या विज्ञानपटांतल्या संगणकासारखी बडबड ऐकू येते. पण फार थोड्या प्रमाणात, गुळगुळीत करून, सुराच्या उंचीवर लावला तर त्याच सिंथला माणसाची अनिश्चितता मिळते. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित आकार आहे.

सीरम, व्हायटल आणि सर्ज एक्सटी या सिंथमध्ये आकार हातानं काढताही येतो. म्हणजे ढोलकीचा ठेका बघून तसेच चढउतार रेघेत काढायचे आणि सिंथला तीच चाल द्यायची. लोकगीत बसवणाऱ्यासाठी ही सोय मोठी आहे, कारण ठेक्याच्या आतला वजनाचा फरक, कुठली मात्रा जड आणि कुठली हलकी, तयार आकारांत मिळत नाही.

सुराची उंची हलवताना

एलएफओ पिचवर बसवला की व्हायब्रॅटो. गायकांचा व्हायब्रॅटो साधारण सेकंदाला ५ ते ७ वेळा हालतो, म्हणून लीडसाठी, म्हणजे मुख्य धून वाजवणाऱ्या सिंथसाठी, ५.५ हर्ट्झच्या आसपास सुरुवात करा. खोली मात्र जपून. दोन लगतच्या सुरांतलं अंतर १०० सेंट धरलं जातं. सिंथ लीडला वर १५ आणि खाली १५ सेंट एवढं बहुतेक वेळा पुरतं. ५० च्या पुढे गेलात की ऐकणाऱ्याला सूर कुठला हेच कळेनासं होतं.

यातली एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे गाणं बेसूर होतं आणि कारण सापडत नाही. एलएफओ दोन प्रकारे हलवू शकतो. बायपोलर असेल तर मूळ जागेच्या दोन्ही बाजूंना, युनिपोलर असेल तर एकाच बाजूला. पिचवर युनिपोलर एलएफओ लावला आणि ३० सेंट खोली दिली, तर सूर मूळ जागेपासून ३० सेंट वर जाऊन परत येतो. त्याची सरासरी १५ सेंट चढी पडते. एकटा लीड ऐकताना काही खटकत नाही. पेटी किंवा गळा त्याच्याबरोबर आला की लीड सतत वर सरकल्यासारखा वाटतो. ट्यूनिंग तपासा, बरोबर निघतं. म्हणून पिचसाठी बायपोलर, आणि व्हॉल्यूमसाठी खालच्या बाजूचा युनिपोलर, म्हणजे आवाज मूळ पातळीवरून कमी होऊन परत तिथेच येतो. व्हायटलमध्ये जोडणीच्या छोट्या नॉबवर राइट-क्लिक केलं की बायपोलर करायचा पर्याय मिळतो. एकदा सवय लावून घ्या, पुढचे कितीतरी तास वाचतील.

दुसरं म्हणजे गायक सूर लागताक्षणी हलवत नाही. आधी सूर सरळ लावतो, तो स्थिरावला की मग हलवतो. एलएफओला 'डिले' आणि 'फेड' किंवा 'राइज' असे नॉब असतात ते यासाठीच. डिले ०.३ ते ०.५ सेकंद ठेवा, म्हणजे द्रुत सुरांना हालचाल लागणारच नाही, लांब सुरांनाच लागेल. एवढा एक बदल केला तरी लीडचा यांत्रिकपणा बराच जातो.

आपल्याकडचा कान या बाबतीत चांगला तयार आहे. दरबारी कानडातला कोमल गंधार आंदोलित असतो हे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण ते आंदोलन घड्याळासारखं चालत नाही. गायक कधी जरा सावकाश येतो, कधी खालच्या बाजूला जास्त रेंगाळतो. एलएफओ मात्र पाचव्या फेऱ्यालाही पहिल्यासारखाच. त्यासाठी दुसरा एलएफओ घ्या, फार सावकाश, समजा ०.१ हर्ट्झचा, आणि तो पहिल्याच्या रेटवर किंवा खोलीवर थोडासा बसवा. आता व्हायब्रॅटो स्वतःच किंचित वेगावतो, किंचित मंदावतो. व्हायटलमध्ये ८ एलएफओ मिळतात, सर्ज एक्सटीमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र चालणारे ६ आणि सगळ्यांना मिळून एकत्र चालणारे ६. एवढे कशाला, असं पहिल्यांदा वाटतं. एकावर एक बसवायला लागलात की कळतं. तरीही दरबारीचं आंदोलन यानं हुबेहूब येईल अशी आशा धरू नका. तिथे पिच बेंड व्हील आणि हात, दुसरा रस्ता नाही.

व्हॉल्यूम हलवला की ट्रेमोलो. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांना ट्रेमोलोचा एक स्टॉप असतोच, तो ओढला की भात्याच्या हवेनं आतली पट्टी फडफडते आणि सूर थरथरतो. तोही एलएफओच, लाकडाचा. पॅन हलवला की आवाज डावीकडून उजवीकडे फिरतो. आणि कोरस, फ्लँजर, फेझर या तिन्ही इफेक्टच्या पोटात एलएफओच बसलेला असतो. कोरसमध्ये तो आवाजाच्या प्रतीला लागणारा काही मिलिसेकंदांचा उशीर हलवत राहतो. पॅड निवडलंत आणि त्यात आधीच कोरस असेल तर तुमचा एलएफओ त्यावर चढणार, हे लक्षात ठेवून खोली कमी धरा.

ठेक्याशी जुळवणं

रेट दोन प्रकारे देता येतो. सरळ हर्ट्झमध्ये, किंवा प्रोजेक्टच्या लयीला बांधून. बांधलेला असेल तर १/४, १/८, १/१६ असे आकडे दिसतात. हिशेब सोपा आहे. बीपीएमला, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्या आकड्याला, ६० नं भागलं की एका ठोक्याला एक फेरा होईल इतके हर्ट्झ मिळतात. १२० बीपीएमला २ हर्ट्झ, म्हणजे १/४ ला २, १/८ ला ४, १/१६ ला ८. चार ठोक्यांच्या अख्ख्या बारला एक फेरा हवा तर ०.५ हर्ट्झ. ९६ बीपीएमला हाच १/४ चा आकडा १.६ होतो.

आता आपल्या गाण्यांतली खास अडचण. सहा मात्रांच्या ठेक्यातली गाणी आपल्याकडे भरपूर, दादऱ्याच्या अंगानं चालणारी, धा धी ना, धा ती ना. तीन-तीनचे दोन गट. हे बसवायला प्रोजेक्ट ६/८ मध्ये ठेवलात, तर एका बारमध्ये सहा आठवे भाग येतात. सिंथचा एलएफओ मात्र सवयीनं १/४ वर ठेवला जातो. १/४ म्हणजे दोन आठवे भाग. म्हणजे एका बारमध्ये एलएफओचे तीन फेरे होतात, दोन-दोनच्या गटांत, आणि ढोलकी तीन-तीनच्या गटांत चालते. पहिल्या 'धा'वर दोघं भेटतात, दुसऱ्या 'धा'वर एलएफओ अर्ध्या फेऱ्यात असतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पाय अडखळतो. इथे १/४ डॉटेड घ्या, म्हणजे तीन आठवे भाग. दोन फेरे, दोन्ही 'धा'वर बरोबर सुरू. आणि तोच ठेका तुम्ही ४/४ मध्ये, दर ठोक्याचे तीन भाग करून वाजवला असेल, तर मात्र साधा १/४ चालतो, आणि दर मात्रेला एक फेरा हवा असेल तर १/८ ट्रिपलेट. गाणं कशात मोजलंय ते आधी बघा, मग रेट निवडा. मुद्दाम विसंगत फेरे ठेवूनही छान नक्षी तयार होते, फक्त ती ठरवून केलेली असावी.

सगळंच बांधून ठेवायचं असंही नाही. फिल्टर, व्हॉल्यूम, पॅन यांची ऐकू येणारी हालचाल लयीला बांधा. व्हायब्रॅटो बांधू नका, गाणारा माणूस कंप बीपीएम बघून देत नाही. आणि पॅडमधली अगदी सावकाश हालचाल मुद्दाम सुटी ठेवा, म्हणजे कडव्यागणिक ती वेगळ्या जागी सापडते.

याच्याच जोडीला 'रिट्रिगर'. चालू असेल तर प्रत्येक की दाबली की एलएफओ पहिल्यापासून सुरू होतो. बेस आणि तुटक सुरांसाठी हवाच, नाहीतर एक सूर उघडा येतो आणि पुढचा दबलेला. बंद असेल तर एलएफओ मागे आपल्या चालीनं फिरत राहतो आणि सूर त्याला मधेच कुठेतरी भेटतो. पॅडला हे चांगलं. सीरममध्ये यासाठी ट्रिग, एन्व्ह आणि ऑफ असे तीन पर्याय आहेत. एन्व्हमध्ये एलएफओ एकच फेरा मारून थांबतो, म्हणजे तुम्ही काढलेला आकार सुराच्या सुरुवातीला एकदाच वाजतो.

आत नेमकं काय चालतं

हे कळलं नाही तरी गाणं अडत नाही, पण ज्याला उत्सुकता आहे त्याच्यासाठी. संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग. ४८ किलोहर्ट्झवर काम करत असाल तर सेकंदाला ४८,००० आकडे. २ हर्ट्झच्या एलएफओचा एक फेरा म्हणजे २४,००० आकडे. सिंथ एक मोजणी ठेवतो, ० ते १ अशी. दर आकड्याला तिच्यात एक चोवीसहजारांश मिळवतो, आणि १ झालं की परत शून्यावर. ही मोजणी सरळ वापरली की सॉ लाट मिळते. निम्म्याच्या खाली एक किंमत आणि वर दुसरी धरली की स्क्वेअर, साइनच्या सूत्रात घातली की साइन. मग ती खोलीनं गुणायची आणि नॉबच्या किमतीत मिळवायची, झालं. काही सिंथ प्रोसेसरचं काम वाचवायला हा हिशेब दर आकड्याला न करता टप्प्यानं करतात. सर्ज ३२ आकड्यांचा एक गठ्ठा धरतो. सावकाश हालचालीला हे पुरेसं असतं.

जुन्या यंत्रांत हेच काम सर्किट करायचं. १९७० च्या मिनीमूगमध्ये वेगळा एलएफओ नव्हताच. तिसरा ऑसिलेटर अगदी खालच्या पट्टीत उतरवायचा आणि त्यालाच हलवायच्या कामाला लावायचं. म्हणजे आवाज काढणारा आणि हलवणारा, दोघं एकाच घरचे.

त्यामुळे मनात प्रश्न येतोच, एलएफओचा वेग वाढवतच नेला तर? २० हर्ट्झच्या आसपास एक विलक्षण गोष्ट होते. तोपर्यंत थरथर म्हणून ऐकू येणारी हालचाल थरथर राहत नाही, तिचं रूपांतर आवाजाच्या पोतात होतं. ४४० हर्ट्झच्या सुराचा व्हॉल्यूम १०० हर्ट्झनं हलवला तर कानाला ट्रेमोलो न ऐकू येता ३४० आणि ५४० असे दोन नवे सूर बाजूला उभे राहतात. स्टॅनफर्डमधले जॉन चौनिंग १९६७ मध्ये व्हायब्रॅटोचा वेग आणि खोली वाढवत नेऊन पाहत होते, आणि त्यातूनच एफएम सिंथेसिस हाती लागलं. पुढे यामाहानं त्याचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स७ हा सिंथ आला. त्या काळच्या गाण्यांतला तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो म्हणजे मुळात फार जोरात चालवलेला व्हायब्रॅटो. हे मला आजही थक्क करतं. व्हायटलमध्ये पिचवरचा एलएफओ सावकाश वाढवत नेऊन हा बदल स्वतः ऐकून बघा.

ऐकणारा कुठे उभा आहे

हेडफोनवर जे सुंदर वाटतं ते वरातीत तसंच पोचेल असं नाही. वरातीतल्या गाडीच्या एका अंगाला चालणाऱ्या माणसाला एकाच बाजूचे स्पीकर ऐकू येतात, आणि बऱ्याच ठिकाणी सिस्टीम मोनोवरच, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, चालते. तुम्ही लीडवर डावी-उजवीकडे फिरणारा एलएफओ लावला असेल, तर त्या माणसाला लीड येतो-जातो-येतो असा ऐकू येणार, आणि मोनोवर ती हालचाल नाहीशीच होणार. पॅनवरचा एलएफओ सजावटीच्या आवाजांपुरता ठेवा. मुख्य धून, गळा आणि बेस मध्ये राहू द्या. बेसच्या खालच्या भागावर तर कोरसही नको, मोनोत तो स्वतःलाच खातो.

मोबाइलचा विचार वेगळा. गाणं बहुतेक जण फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकणार, आणि तो स्पीकर खालचे सूर काढतच नाही. बेसच्या फिल्टरची हालचाल तिथे पोचायची असेल तर बेसमध्ये थोडं डिस्टॉर्शन घाला, म्हणजे वरच्या भागात, ५०० ते ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात काहीतरी असेल, आणि फिल्टर तिथे फिरू द्या. मिक्स झाल्यावर एकदा मोनोचं बटण दाबून आणि एकदा फोनवर ऐकून बघा. दोन्हीकडे टिकली तीच हालचाल ठेवा.

कीबोर्डवर मॉड व्हील असेल तर व्हायब्रॅटोची खोली त्याच्यावर सोपवा. मिडीमध्ये व्हीलचा कंट्रोलर नंबर १ असतो आणि बहुतेक सिंथ तो आपणहून ओळखतात. लीड वाजवताना डाव्या हातानं लांब सुराच्या शेवटाकडे व्हील वर न्यायचं, पुढच्या सुराआधी खाली आणायचं. असं एका वाजवण्यात आलेलं काम नंतर माउसनं ऑटोमेशन काढून येत नाही.

एक शेवटची व्यवहाराची बाब. सुटे चालणारे आणि सॅम्पल अँड होल्डसारखे एलएफओ दर वेळी सारखे वाजतील याची खात्री नसते. गाणं एक्सपोर्ट केलं की पॅड त्या वेळी थोडं वेगळं उघडतं, आणि काल रात्री आवडलेला तो धृपदाआधीचा उघडणारा क्षण आज सापडत नाही. म्हणून आवडला की तिथल्या तिथे तो ट्रॅक ऑडिओमध्ये बाउन्स करून, म्हणजे वाजलेला आवाज जसाच्या तसा नोंदवून, घ्या आणि सिंथचा मूळ ट्रॅक म्यूट करून खाली ठेवून द्या, पुसू नका. गायकानं पट्टी बदलून मागितली तर तो परत लागतोच.